उशीर नटांचा नव्हे, नेपथ्याचा
नाटकाचा प्रयोग उशिरा सुरू होतो तो नटांमुळे, असं एका लेखात म्हटलंय; मला ते पटत नाही. रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या थिएटरात हिशोब मांडून बघा. चारचं दोन अंकी नाटक मध्यंतर धरून साडेसहाला संपलं, तर नेपथ्य सोडवून टेम्पोत चढेपर्यंत सात वाजतात. मग आठच्या दुसऱ्या नाटकाचे फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या चौकटी, उभे करून बांधायचे, मागून तिरके ब्रेस (टेकू) लावून त्यांवर वजनं ठेवायची: पाऊण तास गेला! लाइटवाल्याला शिडीवर चढून स्पॉटलाइट वळवायला उरतात पंधरा मिनिटं. घाईत एखादं वजन राहिलं, की दार आपटताच अख्खी भिंत हलते आणि गंभीर प्रसंगात प्रेक्षक हसतात. निम्मा घोळ टेम्पोत सामान भरतानाच होतो, कारण क्रम चुकतो. लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, उभारताना आधी लागतात, म्हणून त्या टेम्पोत शेवटी भरायला हव्यात.