अकरा नंबरचे मणी

चाळीस पूर्ण व्हायला मला अजून सात महिने आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण परवा भर दुकानात एका अनोळखी काकूंनी वेगळंच जाहीर केलंय.

शाळेचा निरोप रात्री साडेनऊला आला. 'पालकांच्या मदतीने मण्यांची एक वस्तू, उद्या संध्याकाळपर्यंत.' मुलगी दुसरीत आहे. 'मदत' या शब्दाचा अर्थ तिने बरोब्बर ताडला आणि ती झोपायला गेली.

सकाळी सुट्टी टाकून नाशिकच्या दहीपुलाकडे निघालो. गोदावरीला पूर आला की हा भाग पाण्यात जातो, एरवी स्कूटरींत. गाडी लावायला जागा शोधत रविवार कारंजाला दोन प्रदक्षिणा झाल्या, तेव्हा कुठे दुकान दिसलं.

"मणी द्या."

"नंबर?"

चपलांसारखे मण्यांनाही नंबर असतात, पण उलटे. नंबर वाढला की मणी बारीक. हे मला ठाऊक नव्हतं. दुकानदाराने आठ आणि अकरा अशा दोन पुड्या पुढे टाकल्या. मूल लहान, मणी लहान, अशा हिशेबाने मी अकरा उचलला. जेमतेम दोन मिलिमीटरचा दाणा.

स्टुलावर बसून काळी पोत गाठवून घेणाऱ्या काकूंनी मान वर केली. "कुणाचं रुखवत?"

"रुखवत नाही हो काकू, मुलीच्या शाळेचं आहे."

"आई कुठंय तिची?"

"ऑफिसला."

"आणि तुम्ही?"

"सुट्टी घेतलीय."

"मण्यांसाठी?" पोत गाठवणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. "माझ्या रुखवतात मण्यांचं कासव होतं. लाल डोळ्यांचं. जाऊबाईंनी टीव्हीवर ठेवलं, मग टीव्ही चपटा आला आणि कासव माळ्यावर गेलं." कासवाचं दुःख गिळून त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. "ओवा बघू एक."

एकदा चुकलं. दुसऱ्यांदा मणी उडून दुकानदाराच्या चहात पडला. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "हात लांब करा." केला. मणी ओवला गेला.

"चाळिशी लागली!" काकूंनी निकाल दिला. मागे उभ्या गिऱ्हाइकाने वय विचारलं. मी एकोणचाळीस म्हटल्यावर तो हळहळला, "लवकर लागली."

चिडचिड झाली ती वेगळीच. मुलांची बोटं तयार व्हावीत म्हणून हे उद्योग, असं शाळा सांगते. मग रात्री साडेनऊला पालकांची कशाला तयार करता? आमच्या रजा काय फुकट पडल्यात?

आणि काकूंचं सगळं बरोबर होतं, हे जास्त झोंबलं. "सात वर्षांच्या पोरीला अकरा नंबर? मोठे प्लास्टिकचे घ्या. सुई नको, नायलॉनचा तंगूस घ्या, टोक तिरकं कापा. दुसऱ्या टोकाला एक मणी बांधा, म्हणजे बाकीचे घरंगळत नाहीत. आणि ताटात टॉवेल पसरून त्यात ओता."

तसंच केलं. मुलीने अर्ध्या तासात लाल-पांढरं ब्रेसलेट ओवलं. मी ताट धरलं होतं.

"बाबा, गाठ तू मार."

मी हात लांब करून गाठ मारायला घेतली.

"एवढ्या लांबून दिसतं तुला?"

"हो," म्हटलं.