परवाना, जमीन आणि नुकसान

रानडुक्कर मारायची परवानगी सोपी करावी की नाही, हा वाद आमच्या सिंधुदुर्गात भात पोटरीला आलं की दरवर्षी पेटतो. एक बाजू म्हणते, शेतकऱ्याने रात्र रात्र जागल करायची आणि सकाळी लोळवलेलं भात बघायचं, असं किती वर्षं? दुसरी म्हणते, एकदा बंदुकीला वाट दिली की डुकरामागोमाग सांबर, भेकर, सगळंच जाईल. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी खरी भीती आहे. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, आता कोलोरॅडोत राहतो आणि इथे रीतसर परवाना काढून एल्कची शिकार करतो. त्यामुळे गावी गेलो की दोन्हीकडची माणसं माझाच दाखला देतात: अमेरिकेत बघा, तिथे चालतं. काय चालतं आणि कशाच्या आधारावर चालतं, ते सांगितल्याशिवाय हा दाखला निरुपयोगी आहे.

एल्क म्हणजे सांबराच्या कुळातला, पण त्याहून बराच थोराड प्राणी. कोलोरॅडोत आज ते सुमारे 2.8 लाख आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र मांसाच्या बाजारापायी बेसुमार मारले गेल्यामुळे ते नावापुरतेच उरले होते. 1913 च्या सुमारास यलोस्टोन भागातून काही आणून एस्टेस पार्कजवळ सोडावे लागले. ही आठवण इथल्या सगळ्या नियमांच्या मुळाशी आहे. शिकारीचं मांस विकता येत नाही आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही.

हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून कळपांची गणती होते. नर किती, माद्या किती, पाडसं किती, यावरून प्रत्येक विभागात किती परवाने द्यायचे ते ठरतं. कळप वाढलेला असेल तर माद्यांचे परवाने वाढतात, घटला तर कमी होतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज करायचा आणि त्यात विभाग, हंगाम, नर की मादी, बंदूक की धनुष्यबाण, हे सगळं आधीच सांगायचं. पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला नाही तर एक गुण खात्यात जमा होतो. पुढच्या सोडतीत ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी. वायव्येकडच्या काही नामांकित विभागांत नर एल्कसाठी लोक वीसेक वर्षं गुण साठवतात. मी मादीच्या परवान्यासाठी अर्ज करतो. तो लवकर मिळतो, आणि कळप आटोक्यात राहायला खरा उपयोग त्याचाच होतो.

परवाना मिळाला तरी शिकार करायची कुठे, हा प्रश्न उरतोच. कोलोरॅडोची एक तृतीयांशाहून जास्त जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सर्वांची आहे. पण एल्कना नकाशा कळत नाही. ऑक्टोबरात वर डोंगरात गोळीबार सुरू झाला की ते खालच्या खासगी कुरणांत उतरतात. तिथे पाटी नसली तरी मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मग उन्हाळ्यातच दारोदार जायचं, टोपी काढून विचारायचं, नकार आला तरी आभार मानून निघायचं. परवानगी मिळालीच तर गेट जसं असेल तसंच ठेवायचं. ज्या मालकाने मला जमिनीत जाऊ दिलं, त्याचं पहिलं वाक्य होतं: गवताच्या गंजी फस्त करतात, दोन-तीन माद्या कमी झाल्या तर बरंच.

आणि या सार्वजनिक जमिनीपर्यंत पोचणंही सोपं नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना जमिनीचे एकाआड एक चौकोन देऊन टाकले, त्यामुळे पश्चिमेत कित्येक ठिकाणी सरकारी चौकोन खासगी जमिनींच्या मधोमध अडकले आहेत. 2021 मध्ये शेजारच्या वायोमिंग राज्यातल्या एल्क माउंटनजवळ चार शिकाऱ्यांनी, जिथे दोन सरकारी चौकोनांचे कोपरे भिडतात तिथे शिडी लावली आणि खासगी मातीला पाय न लावता एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात गेले. जमीनमालकाने त्यांच्याकडून लाखो डॉलरची भरपाई मागितली. मार्च 2025 मध्ये संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. जे सर्वांचं आहे, तिथे जायची वाटही सर्वांना हवी.

पण आमच्या वादाला सगळ्यात लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. एल्कनी पिकाचं किंवा कुंपणाचं नुकसान केलं तर कोलोरॅडोचा वन्यजीव विभाग शेतकऱ्याला भरपाई देतो. मात्र ज्याने शिकाऱ्यांना जमिनीत येऊच दिलं नाही, किंवा त्यासाठी भरमसाट पैसे घेतले, त्याचा हक्क जातो. विभागाचा खर्चही बराचसा परवान्यांच्या शुल्कातून चालतो. गणती, परवाना, जमीन आणि भरपाई एकमेकांत अशी अडकवलेली आहेत की एक सुटलं की बाकीचीही ढिली पडतात.

आपल्याकडे यातलं एकही दुसऱ्याशी जोडलेलं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 11 खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी देता येते. कायदा आहे, पण ती परवानगी हातात पडेपर्यंत कापणी होऊन जाते. माझ्या चुलतभावाकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, मग हंगाम कोणताही असो. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. नुकसानीचा पंचनामा वेगळा, त्याचे पैसे वेगळ्या वर्षी. विदर्भात रोही (नीलगाय) आणि डुकरांना कंटाळून लोक कुंपणात वीज सोडतात, त्यात वाघ मरतात आणि माणसंही मरतात. आजची बंदी एवढंच करते की मारणं अंधारात ढकलते.

तरीही इथली हौशी शिकार उचलून महाराष्ट्रात नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कोलोरॅडो आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडाच लहान आहे, पण लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. महाराष्ट्राची 2011 मध्येच सव्वाअकरा कोटी होती. वस्तीजवळ दूरच्या पल्ल्याची रायफल चालवायला आपल्याकडे जागाच नाही. इथेही पैसेवाल्यांनी कुरणं भाड्याने घेऊन शिकार अडवून ठेवली आहे. आपल्याकडे ती ताबडतोब फार्महाऊसवाल्यांच्या हातात जाईल.

आणावी ती जोडणी. केरळने 2022 मध्ये उपद्रवी रानडुकरांबाबतचा निर्णय ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणला. कुडाळ आणि सावंतवाडीसारख्या एखाद-दुसऱ्या तालुक्यात तसं करून बघता येईल. आधी गणती, मग गावागणिक ठरलेली संख्या, हंगामाचे ठरावीक दिवस, मांस विकायला कडक बंदी पण गावात वाटून खायला मुभा. वाटून खायची मुभा नसेल तर लोक पुन्हा चोरूनच मारतील. आणि या कामासाठी माणसं निवडताना पहिला नंबर फासेपारध्यांचा लावावा. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का, 1972 च्या कायद्याने शिकारीवर जगण्याला बंदी, असं दोनदा त्यांच्यावर आलं. जनावराचा माग काढण्याचं त्यांच्याइतकं ज्ञान वनखात्यातही फार थोड्यांकडे आहे. त्यांना पगार देऊन, ओळखपत्र देऊन हे काम द्यावं, आणि त्यांनी मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी.