रुग्ण म्हणून मी नापास

रविवारी आमच्या घरी लेकीच्या, म्हणजे सईच्या, इंटरव्ह्यूची तालीम झाली आणि तीत नापास मी झाले. सईला दहापैकी आठ मिळाले, मला तीन. मार्क देणाऱ्या माणसाला कुणी परीक्षक नेमलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. सईला डॉक्टर व्हायचंय आणि पुढच्या आठवड्यात तिचा एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजचा इंटरव्ह्यू आहे. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते, एमडी, म्हणजे नेहमीचा, आणि डीओ, म्हणजे हा ऑस्टिओपॅथिकवाला. दोन्हीकडे चार वर्षं, दोन्हीकडे तीच चिरफाड, तीच औषधं, पन्नासही राज्यांत सारखाच परवाना, आणि २०२० पासून रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षणसुद्धा, एकाच छत्राखाली. डीओवाले जास्तीचं शिकतात ते हातांनी हाडं-स्नायू चाचपून, दाबून, ताणून उपचार करायचं. आज इथल्या मेडिकलच्या चार मुलांतलं एक तरी याच रस्त्यानं जातं. हे सगळं मी आता झोपेतही म्हणू शकते. उन्हाळ्यापासून मी ते पटेलांच्या दुकानात भेंडी निवडताना म्हटलंय, मंदिरात म्हटलंय, गणपतीत आरतीच्या दोन कडव्यांमध्ये म्हटलंय. समोरचा माणूस मान डोलावत सगळं ऐकतो आणि शेवटी हळूच विचारतो, "म्हणजे एमडीला नाही का मिळालं?"

तर डॉक्टरकाका. हे आमच्या मंडळातले. पॉलिमरमधले डॉक्टर. प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ताणला की कुठे फाटतो यावर त्यांनी पीएचडी केली, पण मंडळात कुणाच्याही गुडघ्याचा विषय निघाला की पहिली खुर्ची त्यांची. मूळचे मिरजेचे. मिरजेत दवाखाने इतके की तिथल्या माणसाला वैद्यकी शिकावी लागत नाही, ती हवेतूनच लागते, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. मंडळातल्या यच्चयावत लग्न झालेल्या बायकांना ते 'वहिनी' म्हणतात. त्यांच्या मुलीच्या वयाच्या बायकांनासुद्धा.

इंटरव्ह्यू या विषयावरचा त्यांचा अधिकार मात्र मुंबईतला आहे. तेव्हा अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती. तिथल्या खिडकीशी विशीतल्या काकांनी गोऱ्या साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं की शिक्षण संपलं की मी मायदेशी परत येणार. साहेबानं विश्वास ठेवला. काका अजून इथेच आहेत. वकिलात मात्र २०११ साली उठून वांद्र्याला गेली. "इंटरव्ह्यूत खरं-खोटं बघत नाहीत, चेहरा बघतात," हे त्यांचं सूत्र त्या खिडकीतून निघालेलं आहे.

त्यांनी आपणहून फोन केला. "सईची तालीम मी घेतो. फी नको. चिवडा चालेल."

आल्या आल्या सोफ्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं, डीओ म्हणजे नेमकं काय ते सांग." सईनं सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून निकाल दिला.

"म्हणजे हाडवैद्य."

"नाही काका, फुल फिजिशियन. सर्जरीपण करतात."

"आमच्या गल्लीत होता एक. मनगट हातात घ्यायचा आणि विचारायचा, बाळ, तुझं नाव काय? पोर नाव सांगतंय तोवर कट्! बसलं हाड. वर गुळाचा खडा द्यायचा. त्याचा कुणी इंटरव्ह्यू नाही घेतला."

सईनं खांदे मागे घेतले, हनुवटी किंचित वर केली आणि तिचा कॅमेऱ्याचा आवाज लावला. हा आवाज मला आता पाठ आहे. अँड्र्यू टेलर स्टिल, जन्म १८२८. डॉक्टर असून १८६४ साली मेंदूज्वरानं त्यांची तीन मुलं गेली आणि त्यांना वाचवता आली नाहीत. तेव्हाची औषधं म्हणजे पारा, अफू आणि रक्त काढणं. त्या औषधांवरचा विश्वासच उडाला म्हणून १८७४ मध्ये त्यांनी नवी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल नावाच्या गावात कॉलेज काढलं. पहिल्याच तुकडीत बायकाही होत्या.

"कर्क्सव्हिल," काका म्हणाले. "विमानतळ आहे का तिथे?"

इथे मी आणि सईनं एकमेकींकडे पाहिलं. तिच्या वहीत पुढचं एक वाक्य आहे आणि त्याच्यापुढे लाल पेनानं 'हे बोलायचं नाही' असं लिहिलेलं आहे. ते वाक्य असं की या स्टिलसाहेबांनी कॉलेज काढण्याआधीच्या दिवसांत स्वतःची जाहिरात 'विजेच्या वेगानं हाडं बसवणारा' अशी केली होती. म्हणजे काकांचा तो गुळाचा खडा देणाराच. आम्ही दोघी गप्प बसलो. त्यांना हे कळतं तर ते आजही आमच्या सोफ्यावर असते.

सईनं दुसरं अस्त्र काढलं. "काका, ट्रम्पच्या पहिल्या टर्ममधले डॉक्टर शॉन कॉन्ली, डीओ. बायडनचे केव्हिन ओ'कॉनर, तेही डीओ."

"मग? बरं वाटलं का दोघांना?"

"आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात दोन हजारांवर डीओंना पासष्ट डॉलर भरून एमडीची डिग्री दिली! परीक्षा नाही. आदल्या दिवशी डीओ, दुसऱ्या दिवशी एमडी. मग फरक काय राहिला?"

काकांचा चिवड्याचा घास हवेतच थांबला. "पासष्ट डॉलर?" मग माझ्याकडे वळून, "आणि वहिनी, तुम्ही आत्तापर्यंत किती भरलेत?"

सबंध दुपारभरात काकांनी विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला जमिनीकडे बघून द्यावं लागलं. डीओ कॉलेजांचा अर्ज एकाच जागी भरतात. पहिल्या कॉलेजला दोनशे डॉलरच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाला पन्नास-साठ. मग प्रत्येक कॉलेज निबंध मागवतं, त्याची फी वेगळी. एमडीचे अर्ज वेगळ्या ठिकाणी, त्यांच्या फिया वेगळ्या. नशिबानं कुणी हो म्हटलं तर जागा अडवायला डिपॉझिट, तेही हजाराच्या घरात आणि बहुतेक ठिकाणी परत न मिळणारं. नाही म्हणणारे तर फुकटात नाही म्हणत नाहीतच. कित्येक जण काहीच म्हणत नाहीत, पैसे घेतात आणि गप्प बसतात. आणि हे सगळं कशासाठी, तर पुढे चार वर्षं दरसाल याच्या कितीतरी पट भरायची परवानगी मिळावी म्हणून. यावर हसण्यासारखं काही सुचलं तर मी लिहीन. रविवारपासून सुचलेलं नाही.

काका म्हणाले, "मिरजेत एवढ्यात दवाखाना झाला असता." आणि घास तोंडात टाकला.

मग मुख्य कार्यक्रम. आजकाल बऱ्याच कॉलेजांत एका टेबलाशी बसून गप्पा मारायची पद्धत राहिलेली नाही. छोट्या छोट्या मुलाखतींची एक साखळी असते, प्रत्येक मुलाखत म्हणजे एक 'स्टेशन'. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीनं हे काढलं. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो, तो दोन मिनिटांत वाचायचा, आत जायचं, सात-आठ मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढचं दार. सईचा इंटरव्ह्यू झूमवर आहे, तिथे दारं नाहीत, पण तालमीसाठी तिनं आमच्या घराची दारं वापरलीत. त्यामुळे आठवडाभर आमच्या बाथरूमच्या दारावर 'तुमच्या सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येत आहे' असा कागद आहे. नळवाला आला होता, त्यानं तो वाचला आणि दार न वाजवताच बाहेर थांबून राहिला.

गॅरेजच्या दारावर : 'तुम्ही शेजाऱ्याच्या मांजरावर चुकून गाडी घातली आहे. त्याला सांगा.' आत आमचे हे शेजारी होऊन बसले होते. सई आत गेली, दोन श्वास घेतले, "मला तुम्हाला एक फार वाईट बातमी सांगायचीय" इथवर आली आणि हे म्हणाले, "अगं जाऊ दे, मांजरच होतं." स्टेशन संपलं. राहिलेली सगळी मिनिटं दोघं टायरमधली हवा बघत होते.

सईच्या सहानुभूतीचा सरावही दिवसरात्र चालू आहे. दूध संपलंय म्हटलं की ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणते, "हे तुझ्यासाठी खूप फ्रस्ट्रेटिंग असणार." दूध मात्र आणत नाही.

तिसरं दार स्वयंपाकघराचं. त्यावर : 'रुग्णाची पाठ कित्येक महिने दुखते आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही. ती चिडलेली आहे. तिच्याशी बोला.' रुग्ण अर्थातच मी. काका परीक्षक, हातात माझीच किराण्याची यादी, तिच्या पाठीवर मार्क.

आता एक खुलासा. माझ्या कमरेतली गादी खरोखर सरकलेली आहे. डिशवॉशर लावताना मी एक गुडघा टेकते. मोजे बसून नाही, पलंगावर आडवं पडून घालते. त्यामुळे मला अभिनय करायचाच नव्हता. सईनं "आज कशासाठी आलात?" विचारलं आणि मी सुटले. पहिल्या डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलताना पूर्ण वेळ कॉम्प्युटरकडे बघत टाइप करत होत्या, आणि शेवटी मला, म्हणजे डोंबिवलीत वाढलेल्या बाईला, त्यांनी योगाचा सल्ला दिला. एमआरआय लिहून दिला तर विमा कंपनी म्हणाली आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करा, तरी दुखलं तर बघू. दुखलंच. पुढच्या फॉर्मवर मला विचारलं होतं, दुखणं एक ते दहामध्ये किती. मी लिहिलं सात. टेबलामागची मुलगी म्हणाली, तुम्ही हसताय, मग पाच लिहू का? मी म्हटलं मी हसत नाहीये, माझा चेहराच...

"थांबा!" काकांनी टाळी वाजवली. "वहिनी, फार पाल्हाळ. रुग्ण मुद्द्याचं बोलतो. आणि पाठ दुखणारा माणूस असा बसत नाही."

"मग कसा बसतो?"

काका उठले, माझ्या खुर्चीवर बसले, एक हात कमरेवर, एक कपाळावर, डोळे छताकडे, आणि संगीत नाटकातल्या शेवटच्या अंकासारखं "अऽऽह" केलं. ओट्याशी पाणी प्यायला आलेले आमचे हे म्हणाले, "वा."

मी सईकडे पाहिलं. ज्या मुलीनं फ्रिजवर 'शरीर, मन आणि आत्मा मिळून माणूस' हे ऑस्टिओपॅथीचं पहिलं तत्त्व चिकटवलंय, ती काहीतरी म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, "आई, काकांचा पॉइंट बरोबर आहे. तू टू मच अँग्री आहेस. मला एम्पथी दाखवायला गॅपच मिळत नाहीये."

गॅप! माझ्या कमरेत आहे ती गॅप, म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात पोरीचा इंटरव्ह्यू आहे, तिनं झोपावं, खावं, एवढंच आत्ता माझ्या हातात आहे. पण राग आला तो आला, आणि तो लिहिताना कमी होईल असं ज्यांनी सांगितलं त्यांना मी तीनच मार्क देईन.

निकाल लागला. सई : आवाज उत्तम, शेवट थोडा घाईत, आठ. मी : नजर भिडवत नाही, तपशिलात वाहवत जाते, 'रुग्ण म्हणून विश्वसनीय वाटत नाही', तीन. विमा कंपनीचंही हेच म्हणणं होतं, फक्त त्यांनी ते पत्रानं कळवलं.

निघताना काका म्हणाले, "चिवडा झकास होता हो. काकूंसाठी थोडा द्या." डबे खालच्या कपाटात. मी वाकले, कमरेत जी कळ आली तिच्यासरशी "आई गं" म्हणून ओट्याची कड धरून तशीच राहिले.

"हां!" बाहेरच्या खोलीतून काकांनी टाळ्या वाजवल्या. "हे! वहिनी, हेच मगाशी पाहिजे होतं! सई, ऐकलंस का? आता याला म्हणतात पाठदुखी."

डबा गच्च भरून दिला. दाणे, खोबऱ्याचे काप, कढीलिंब, सगळं होतं त्यात. काजू तेवढे मी ओट्याशी उभं राहून एकेक वेचून खाल्ले होते.