पंधरा हजारांचा रोबो खरंच सुरुंग शोधतो का?

आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: ‘पोरांनी पंधरा हजारांत भूसुरुंग शोधणारा रोबो बनवला. आता जवानाला सुरुंगांच्या रानात पाय ठेवायला नको. महागडी यंत्रं म्हणजे नुसता कमिशनचा खेळ!’ मी सुट्टीत मुलांना रोबोटिक्स शिकवतो, म्हणून चौघांनी विचारलं, ‘सर, खरं का हो?’

‘सुरुंग शोधतो.’ नाही, धातू शोधतो. मे महिन्यात असलाच रोबो आम्ही खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर फिरवला. आधी तर तो स्वतःच्याच मोटरवर बोंबलत होता. धातू ओळखणारी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, हातभर लांब काठीला बांधली तेव्हा गप्प झाला. मग पुरलेला पत्र्याचा डबा सापडेपर्यंत नऊ वेळा ओरडला. निघालं काय, तर बाटल्यांची बुचं, खिळे आणि एक गंजकी बिजागरी. युद्ध झालेल्या जमिनीत बुचांच्या जागी काडतुसांच्या पुंगळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे असतात, आणि दर आवाजाला सुरुंग समजूनच माती खरवडावी लागते. उलट एम-१४ सारखा सुरुंग जवळजवळ सगळा प्लास्टिकचा. त्यावरून आमची कॉइल चकार शब्द न काढता जाईल.

‘मग रडार लावा,’ ही ग्रुपवरचीच पुरवणी. हे रडार जमिनीत लहरी सोडून पुरलेली वस्तू शोधतं, पण ओल्या, खारट मातीत त्या लहरी लवकर विरतात. पावसाळ्यात आमच्या खाडीकाठी तर विचारूच नका. आणि जांभ्यासारख्या लोहयुक्त मातीत मेटल डिटेक्टर नुसत्या मातीवरच वाजायला लागतो.

‘जवानाला पाय ठेवायला नको.’ खूण केलेल्या जागी गुडघे टेकून माती बाजूला करणार कोण?

कमिशनचं म्हणाल तर मेसेजमध्ये एक आकडा नाही, एक कागद नाही. सोडून देतो.

स्वस्तातलंच हवं असेल तर उंदीर बघा, चेष्टा नाही. कंबोडियात मगावा नावाच्या आफ्रिकी उंदराने ७१ सुरुंग हुंगून काढले; २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या एका प्राणिसंस्थेचं सुवर्णपदक मिळालं. तो सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास घ्यायचा, त्यामुळे बुचं-खिळे त्याच्या खिजगणतीत नव्हते.

पोरांचा रोबो टाकाऊ आहे असं मात्र नाही. कॉइल जमिनीपासून सारख्या उंचीवर धरायला माणसाचा हात दमतो, रोबो दमत नाही. आणि चालवणारा लांब उभा राहू शकतो. आमच्या मुलांनी आता आवाज झाला की चुन्याचा ठिपका टाकणारी नळी बसवलीय. ठिपका अजून वीतभर मागे पडतो.