पगाराला पगारच म्हणा

परवा आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, 'पोळ्यांच्या बाईंना पगार किती देता?' तासाभरानं तिचाच मेसेज, 'सॅलरी अजून क्रेडिट झाली नाही, मेंटेनन्स दोन दिवसांनी भरते.' बाईंना पगार आणि आपल्याला सॅलरी. मला हे मनापासून खटकतं.

पगार मूळचा पोर्तुगीज. तिकडे 'पागार' हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. स्पॅनिशमध्येही तेच, इटालियनमध्ये 'पागारे', फ्रेंचमध्ये 'पेये', आणि इंग्रजांनी 'पे' घेतला तो फ्रेंचकडूनच. सगळ्यांचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. त्याच्याही मागे 'पाक्स', म्हणजे शांतता. ज्याचं देणं लागतो त्याचं समाधान करायचं, त्याचा जीव निववायचा, यावरून अर्थ सरकत पैशांवर आला. (मलय भाषेत 'पागार' म्हणजे कुंपण. आवाज तोच, नातं काही नाही. नुसत्या आवाजावरून व्युत्पत्ती ठोकून देऊ नये ती यासाठी.)

पेशव्यांच्या कागदांत पगारासाठी मुशाहिरा, रोजमुरा असे शब्द भेटतात. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथलं पोर्तुगीजांचं राज्य गेलं. त्यांचा शब्द मात्र आज पुण्यात घरोघरी आहे.

सॅलरीच्या पोटात लॅटिन 'साल' आहे, म्हणजे मीठ. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच देत, ही सगळीकडे फिरणारी गोष्ट. तिला भक्कम पुरावा नाही. पण खाल्ल्या मिठाला जागणं आपल्यालाही कळतं, त्यामुळे त्या शब्दावर माझा राग नाही. राग आहे तो या वाटणीवर.

माझे वडील खडकीला कारखान्यात होते. पगाराचं पाकीट ते आईच्या हातात देत. आई ते आधी देवापुढे ठेवायची, मग जमिनीवर बसून नोटांच्या घड्या घालायची: वाण्याची, दूधवाल्याची, भिशीची. त्या संध्याकाळी घरात कुणाचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत कामाच्या गडबडीत मी आमच्या मावशींचा पगार ७ तारखेपर्यंत लांबवला. चुकलंच माझं. त्यांनी एकदाच विचारलं, 'ताई, आज होईल का?' पैसे दिले तेव्हा त्यांनी मोजले नाहीत. पदराच्या गाठीला बांधले आणि जिन्यातच फोन लावला, 'दुकानात सांग, संध्याकाळी सगळी उधारी फेडते.'