काका, रील बाजूला ठेवू. वडिलांच्या वहीविषयी बोलू

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज कलमांखालची बेणणी चालू असताना दिवसभर तीच डोक्यात होती. म्हणून चार ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आंब्याच्या हंगामाआधी मोबाइलवर कोणती कामं करून ठेवावीत, हे मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर देवगडकडच्या या बागायतदार काकांनी लिहिलं की त्यांच्या मुलाने दोन हंगाम रील करण्यात घातले, एकाला लाखभर व्ह्यूज आले आणि पेटी एकही गेली नाही. वडिलांनी चाळीस वर्षं पोस्टकार्डावर आणि शब्दावर धंदा केला, तेव्हा कुठे होता मोबाइल? गावात धड रेंज नाही, शेजाऱ्याचे क्यूआर कोडपायी पैसे गेले, आणि तुमच्यासारखे लिहिणारे बायाबापड्यांना नादी लावतात.

शेवटचं वाक्य लागलं मला. पण बाकीच्यात बरंच खरं आहे, म्हणून जिथे माझं चुकलं तिथूनच सुरुवात करते.

'रोज एक रील टाका' असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. मार्च ते मे पहाटे झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन बागेत, दुपारी खळ्यात फळाची वर्गवारी, संध्याकाळी पेट्या भरून गाडीची वाट बघायची. त्यात रोजचं रील कोण करणार? मी स्वतः मागच्या मे महिन्यात आंबापोळीचं एक केलं होतं. ताटाला तुपाचा हात लावून रस ओतला, वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. शेवटी सुरीने कड सोडवून पोळी उलटली, तर ताटाच्या बुडाची नक्षी तिच्यावर जशीच्या तशी उमटलेली. लोकांना ते फार आवडलं, दुबईपर्यंतच्या लोकांनी पसंतीचे लाल बदाम (हार्ट) पाठवले. ऑर्डरी आल्या चार, त्यातल्या दोन ओळखीच्या. रील कुणाला दाखवायचं ते अ‍ॅप ठरवतं, आणि ताजा आंबा आपण पाठवणार तो रात्रीची गाडी सकाळी पोचेल तिथवरच, म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर. लाखभर बघणाऱ्यांत या पट्ट्यातले किती आणि त्यातले पेटी घेणारे किती? तुमच्या मुलाची मेहनत कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही. त्याला रागावू नका.

पण वडिलांचं पोस्टकार्ड तुम्ही मोबाइलच्या विरोधात उभं केलंत, ते मला पटलं नाही. माझ्या सासऱ्यांची गिऱ्हाइकांची वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. दादरच्या एका घरापुढे लिहिलंय, '४ डझनी २, फळ लहान चालेल, अक्षय्य तृतीयेच्या आधी.' पुण्याच्या एका नावापुढे, 'गेल्या साली ५ नग खराब, यंदा भरून देणे.' पोस्टकार्डं जायची ती या वहीतून. तुमच्या वडिलांनीही अशी वही ठेवली असणार, नाहीतर चाळीस वर्षं गिऱ्हाईक टिकत नाही.

मी केलं ते एवढंच, की ती वही फोनमध्ये उतरवली. पावसाळ्यात बसून, रोज दहा नावं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ मध्ये आलं, ते फुकट आहे, आणि त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं. माझ्याकडची लेबलं आहेत 'लहान फळ', 'पैसे यायचे', 'फक्त आगळ' (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस). ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नावं बसतात आणि निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, ग्रुपसारखा कलकलाट होत नाही. मात्र ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो निरोप पोचतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी दीडशे जणांना कळवलं अशा समजुतीत मी होते आणि उत्तरं आली तीस-पस्तीस. तेव्हापासून प्रत्येक पेटीत हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: 'हा नंबर आमच्या नावाने सेव्ह करा, पुढच्या साली पहिली तोड निघाली की कळवू.'

ही यादी कशासाठी, ते मार्च २०२० मध्ये कळलं. टाळेबंदी लागली, झाडावर फळ तयार, आणि वाशीचा घाऊक बाजार उद्या उघडेल की नाही ते कुणी सांगेना. ज्यांच्याकडे नावं होती त्यांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या उतरवल्या. ज्यांची सगळी भिस्त दलालावर होती, त्यांना फोनसुद्धा कुणाला करायचा ते कळत नव्हतं. आम्ही तेव्हा दुसऱ्यांतले होतो. वही माळ्यावर होती आणि त्यातले निम्मे नंबर जुने, लँडलाइनचे.

शब्दावर धंदा चालतो, हे मलाही मान्य आहे. पण कर्नाटकातला आंबा देवगड-रत्नागिरी छापलेल्या खोक्यात विकला जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पुण्यात रस्त्याकडेला उभ्या माणसाला खोकं बघून काय कळणार? त्याला शब्द देण्याची संधीच आपल्याला मिळत नाही. म्हणून मी त्या दिवसाच्या तोडीचा फोटो पाठवते, आणि वाईट बातमीही तितक्याच लगेच: थ्रिप्स किडीने मोहोर गेला, यंदा फळ उशिरा, भाव जास्त. दोन वर्षांमागे कोथरूडच्या एका ताईंनी कापलेल्या तीन आंब्यांचा फोटो पाठवला. आत साका, पांढरट आणि स्पंजासारखा. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, हे आपल्याला माहीत, त्यांना कसं असणार? त्यांना वाटलं कच्चं फळ गळ्यात मारलं. मी संध्याकाळी फोन केला, झाडाखालच्या तापलेल्या जमिनीची धग कशी लागते ते सांगितलं आणि तीन आंब्यांचे पैसे परत पाठवले. 'भरून देणे' लिहायला सासऱ्यांना पुढचा हंगाम उजाडायचा, मला तीन तास लागले.

रीलपेक्षा पुष्कळ उपयोगाची दुसरी गोष्ट म्हणजे नकाशावरचं ठिकाण, आणि त्यावर मी पुरेसं लिहिलं नव्हतं. माझी नणंद गुहागर तालुक्यात दोन खोल्या पर्यटकांना देते. तिच्या घराची खूण नकाशावर भलत्याच जागी पडली होती. एकदा लहान मुलं घेऊन आलेलं कुटुंब रात्री खाडीच्या पलीकडे जाऊन पोचलं. फेरी बंद झालेली, घरातले दिवे समोर दिसताहेत, आणि रस्त्याने यायचं तर लांबचा वळसा. त्यांनी रागाने एक तारा दिला, आणि कुणीही दिला असता. मग आम्ही दोघींनी गुगलवर व्यवसायाची नोंद केली, त्याला पैसे पडत नाहीत. खूण थेट अंगणात आणली, आणि वडाच्या पाराशी जिथे डावीकडे वळायचं तिथला फोटो टाकला. अर्ध्या दिवसाचं काम. तेव्हापासून रस्ता विचारणारे फोन जवळजवळ बंद झाले.

रेंजचं म्हणाल तर आमच्याही वाडीत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जावं लागतं. निरोप घरी लिहून पाठवून ठेवते, संध्याकाळी सड्यावर गेलं की आपोआप जातात. त्रास आहेच, आणि टॉवरसाठी ग्रामपंचायतीत पाठपुरावा करायलाच हवा.

पैसे जाण्याबद्दल मी आधीच लिहायला हवं होतं, ती मोठी चूक झाली. सगळ्यांनी घरातल्या प्रत्येकाला सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि आपण कोड स्कॅन करायचाही नसतो. 'लष्करातून बोलतोय, पन्नास पेट्या हव्यात, हा कोड स्कॅन करा म्हणजे आगाऊ रक्कम येईल' असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी. तुमच्या शेजाऱ्यांनी कळवलं होतं का?

आणि 'नादी लावतात' याबद्दल. आमच्या वाडीतल्या बायका सोलं, म्हणजे आमसुलं, करतात. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली मिठाच्या रसात भिजवून पुन्हा पुन्हा पुटं द्यायची, वळीव येईल म्हणून आभाळाकडे बघत वाळवायच्या. व्यापारी दारात येऊन भाव सांगायचा तोच भाव. आता त्या पिशवीवर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर आणि तारीख लावतात, यादीतल्या घरांना भाव स्वतः कळवतात, आणि पैसे त्यांच्याच खात्यात येतात. त्यांना बायाबापड्या म्हणू नका काका, एवढी विनंती आहे.

कागदाची वही मात्र मीही सोडलेली नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधलं माझं एक पान (पेज) एका सकाळी बंद झालं, कारण कधी कळलं नाही, आणि तीन वर्षांचे फोटो गेले. नावं वहीत होती म्हणून निभावलं.

अजून मोहोराला वेळ आहे. वडिलांची वही असेल तर मुलाला घेऊन बसा. तुम्ही नावं वाचा, कोण कुणाचा मुलगा, आता कुठे राहतो ते सांगा, तो नंबर शोधेल. अडलं तर मला इथेच लिहायला सांगा. आणि नावं २५६च्या वर गेली तर दुसरी यादी करावी लागते, तेवढं त्याच्या कानावर घाला.