गाण्यासाठी वेगळं यंत्र कशाला? रंकाळ्यावरचा वाद

"मास्तर, खिशात फोन हाय, गाडीत ब्लूटूथ हाय, मग हे जुनं यंत्र कशाला सांभाळत बसलाय तुम्ही?" बारक्यानं हे विचारलं आणि रविवारची अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. यंत्र म्हणजे मास्तरांचा आयपॉड क्लासिक, १६० जीबीवाला, पाठीमागचा चकचकीत पत्रा ओरखडून पार धुरकट झालेला, पण गाणी निवडायचं चाक अजून लोण्यासारखं फिरतंय. ॲपलनं हे मॉडेल २०१४ सालीच बंद केलं आणि २०२२ मध्ये आयपॉड नावाचा प्रकारच गुंडाळला, हे बारक्याला पाठ. त्याचं म्हणणं सरळ होतं की कंपनीनंच सोडून दिलेली वस्तू तुम्ही का धरून बसलाय, ॲपवर कोटींनी गाणी पडलीत, बोलून मागितलं की लागतंय.

मास्तर चहा खाली ठेवून म्हणाले, "लाव की मग. माझ्या वडिलांनी देवल क्लबात टेप केलेली बैठक लाव बघू."

आता कोल्हापुरात राहून ज्याला देवल क्लब माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, १८८३ सालापासूनची गाण्याची संस्था आहे ही, आणि जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले त्यामुळं जयपूर गायकीचं वेड या गावात घराघरांत होतं. लोक कॅसेट रेकॉर्डर घेऊन बैठकीला बसायचे. मास्तरांच्या वडिलांच्या तसल्या कॅसेटी दोन पेट्या भरून होत्या, त्या त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, बडा ख्याल ऐन रंगात आला की बाजू संपणार, कॅसेट उलटून परत चालू करेपर्यंत मधली तान गेली ती गेलीच, ती कुठून आणणार. पण पुढचा मागचा भाग ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज जोडायच्या-कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसून त्यांनी असा जोडलाय की खटका लागत नाही. त्याआधीच्या पिढीला तर एवढंही मिळालं नाही, ७८ आरपीएमच्या तबकडीवर साडेतीन मिनिटांत सगळं उरकायचं, केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली तीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच. आणि मास्तरांकडं पाऊण पाऊण तासाचे राग आहेत, कुठल्याही ॲपवर नाहीत आणि येणारही नाहीत.

बारक्या काय ऐकतोय. "मग ती फाइल फोनमध्ये टाका की. माझ्या फोनला दोनशे छप्पन जीबी हाय."

हे म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. फाइल आपली आहे म्हटल्यावर ती फोनमध्ये काय, कशातही वाजेल. आमच्यातल्या सीएनं तर आणखी स्वस्तातला उपाय काढला, पेनड्राइव्ह. चारपाचशे रुपयांचं काम, गाडीला खोचून ठेवायचं आणि विसरून जायचं.

इथं पप्या बोलला. पप्याचं गाडीच्या टेप बसवायचं दुकान आहे, त्यामुळं या विषयात त्याच्यापुढं कुणी जास्त ताणत नाही. तो म्हणाला पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडं आठवड्याला कोण ना कोण तरी येतंयच, वाजत नाही म्हणून. कारण काय तर जुन्या टेपना पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो आणि ६४ जीबीचा दुकानातनं एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतो, टेप त्याला ओळखतच नाही. ओळखलं तर गाण्यांचा क्रम नावाप्रमाणं नाही, ज्या क्रमानं कॉपी केली त्या क्रमानं, म्हणजे जलद लयीतलं द्रुत आधी आणि संथ विलंबित नंतर असलाही प्रकार होतो. नावं देवनागरीत लिहिलेली असतील तर स्क्रीनवर नुसते चौकोन. फ्लॅक फाइल, म्हणजे आवाजातलं काही न गाळता लहान केलेली, ती तर बरेच टेप घेतच नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेट्रोल टाकायला गाडी बंद केली की पुष्कळ टेप चालू गाणं परत पहिल्यापासून लावतात. पाच मिनिटांच्या गाण्याला चालतंय, पन्नास मिनिटांच्या मारवा रागाला काय करायचं? पंपावरनं बाहेर पडून परत पहिल्या षड्जापासून, की बटण दाबून धरून अंदाजानं पुढं पळवायचं?

मास्तरांनी लगेच आयपॉड पुढं केला. आयट्यून्समध्ये प्रत्येक फाइलला एक खूण करता येते, कुठं थांबलं ते लक्षात ठेव म्हणून. ती केली की चार दिवसांनी लावलं तरी तिथूनच सुरू. बघा, एवढी साधी गोष्ट आहे, पण लांब गाणं ऐकणाऱ्या माणसाला हीच पहिली लागते.

"पण खड्ड्यात हार्डडिस्क कशी टिकली हो मास्तर, आपल्या रस्त्यावर?" सीएनं विचारलं. त्याचं उत्तर मला माहीत होतं. आयपॉड डिस्क सारखी फिरवत ठेवत नाही, गाण्यांचा एक मोठा तुकडा एकदम मेमरीत ओढतो आणि डिस्क थांबवतो. २००१ साली पहिला पाच जीबीचा निघाला त्यालाच ३२ एमबी मेमरी होती, वीस मिनिटं धक्के बसले तरी गाणं अडत नाही असा कंपनीचा दावा होता. बॅटरी वाचवायला केलेली सोय खड्ड्यांनाही उपयोगी पडली. खड्ड्यापेक्षा उन्हाला जपायचं, मे महिन्यात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर हे ठेवणं म्हणजे बॅटरीची वाट लावणं, ४५ अंशांच्या वर ठेवू नका असं कंपनीच सांगते आणि बंद गाडीत तेवढं सहज होतं.

माझा स्वतःचा मुद्दा मात्र वेगळा होता आणि तो मी जरा जोरातच मांडला. गाडीत फोनवर गाणं लावलं की ते गाणं आपलं राहत नाही. गगनबावड्याकडं निघालाय, पाऊस आहे, करूळ घाटात धुकं उतरलंय, आलाप चाललाय, आणि मधेच नकाशावाली बाई "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणणार, मग कर्ज पाहिजे का म्हणून फोन येणार, मग ग्रुपवर कुणीतरी फुलं पाठवली त्याची टुंग. प्रत्येक वेळी गाणं दबतं, नाहीतर थांबतं. आणि घाटात नेट गेलं की ॲपवरचं गाणं फिरत्या गोलावर येऊन बसतं, मग माणूस स्टिअरिंग सोडून स्क्रीनवर बोटं मारायला लागतो. टच स्क्रीनला बघितल्याशिवाय बोट लावता येत नाही, चाकाला आणि बटणाला येतं. म्हणून माझं मत पक्कं आहे, गाडीत गाण्याचं यंत्र फोनपासून वेगळं पाहिजे, निघायच्या आधी लावायचं आणि बदलायचंच असेल तर शेजारी बसलेल्यानं बदलायचं.

"डाउनलोड करून ठेवायचं की, नेट कशाला लागतंय," बारक्या म्हणाला. ठेव की, पण स्पॉटिफायला तीस दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेलं बंद. आणि २०२३च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी तिथनं एका रात्रीत गेली तेव्हा याच बारक्यानं इथंच बसून डोकं धरलं होतं, काही महिन्यांनी आली परत ती गोष्ट वेगळी. एअरटेलचं विंक तर अख्खं ॲपच २०२४ मध्ये बंद झालं, लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या होत्या त्यात. बारक्या यावर काही बोलला नाही, चहावाल्या अण्णांना चहा सांगायला उठला.

मग जोडायचं कसं यावर गाडी आली, आणि हा भाग ज्यांच्याकडं जुना प्लेअर पडून आहे त्यांनी नीट वाचा. एफएम ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारी डबी, घेऊ नका असं पप्याचं म्हणणं. गावात ९४.३ ला टोमॅटो एफएम, शेजारी बाकीची स्टेशनं, मोकळी जागा शोधून लावलं तरी पुढच्या गावात तिथं दुसरंच काहीतरी घुसतंय, शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. ऑक्सची वायर, म्हणजे प्लेअर थेट टेपला जोडणारी, सगळ्यात बरी. पण हेडफोनच्या भोकातून वायर काढली की आवाज दोनदा वाढवला जातो, आधी प्लेअरमध्ये मग टेपमध्ये, त्यामुळं प्लेअरचा आवाज फुल न करता पाऊण ठेवायचा. आयपॉडला खालच्या रुंद पिनेतून लाइन आउटची वायर मिळते, ती लावली तर हा प्रश्नच नाही, थेट स्वच्छ आवाज. आणि लायटरच्या सॉकेटवर चार्जिंग आणि ऑक्स एकदम लावलं की एक सूं आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, सोडला की उतरतो. लोक म्हणतात स्पीकर गेला, स्पीकरला काही झालेलं नसतं, अल्टरनेटरचा आवाज अर्थिंगमधनं शिरलेला असतो. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायची, आवाज गायब. नाहीतर घरून चार्ज करून न्यायचं, तेही जमतंय.

बारक्याच्या नव्या गाडीला ऑक्सच नाही हे तेव्हा उघड झालं. नुसतं यूएसबी आणि ब्लूटूथ. त्याला पप्यानं सांगितलं की हेडफोनच्या भोकात लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर घे, साध्या एसबीसी पद्धतीनं आवाज दाबून पाठवणारा असला तरी चालत्या गाडीत टायरच्या आवाजापुढं तुला फरक कळायचा नाही.

घरात मात्र कळतो, आणि मला वाटतं घर आणि गाडी यांची यादी वेगळीच पाहिजे. ऐंशीच्या स्पीडला काच बंद असली तरी आलापातले बारीक स्वर बुडतात, म्हणून आवाज वाढवावा तर तबला सुरू झाला की कानात बसतो. गाडीत नाट्यपद, भावगीत, ठुमरी, फार तर मध्यलय आणि द्रुत, त्याला १९२ केबीपीएसचं एमपीथ्री भरपूर झालं, मिनिटाला दीडएक एमबी. विलंबित घरी ऐकायचं, मूळ फाइलवरनं, जिथं मिनिटाला दहा एमबी गेले तरी परवडतं. मास्तर पहाटे आयपॉड डॉकवर ठेवतात, तिथनं वायर जुन्या ॲम्प्लिफायरला, खोलीत कुठलाही स्क्रीन पेटलेला नाही. त्यांच्या बाईंना चष्मा नसला तरी लावता येतं, मधलं बटण दाबलं की झालं. अण्णांनी इथं कारवाँची बाजू घेतली, त्यांच्या आईला पाच हजार गाणी भरलेला तो डबा दिलाय आणि त्या एकट्या असताना दिवसभर लावून बसतात. म्हातारीला कुणापुढं फोन घेऊन जावं लागत नाही, हे मला फार मोठं वाटतं. फक्त त्यात गाणी कंपनीनं निवडलेली, मास्तरांची बैठक ऐकायची तर पेनड्राइव्हच लावावा लागणार.

एका गोष्टीवर मास्तर स्वतःच काळजीत होते. हा आयपॉड दुसऱ्या कॉम्प्युटरच्या आयट्यून्सला जोडला आणि सिंकला चुकून हो म्हटलं तर आतलं सगळं पुसून नवीन भरतो. म्हणजे हे वाजवायचं यंत्र आहे, साठवायचं नाही. मूळ फाइली हार्डडिस्कवर पाहिजेत, दोन डिस्कवर, आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात. त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"माझ्याकडं एक टीबीची डिस्क रिकामी पडलीय," बारक्या म्हणाला. "द्या मला, मी ठेवतो. आणि मलाबी ऐकायची हाय ती बैठक."

पुढच्या रविवारी तो डिस्क घेऊन मास्तरांच्या घरी जाणार आहे. मास्तरांनी एकच अट घातलीय, एमपीथ्री करून देणार नाही, न दाबलेल्या मूळ वेव्ह फाइलच घ्यायच्या, गाडीसाठी काय लहान करायचं ते तुझं तू कर.